पंतप्रधानांना हवी असलेली शपथ

"पण तिला शपथ द्यायला तुमची हरकत काय, फादर?"

मठातल्या खोलीत बसलेल्या लेओपोल्ड ब्रांत यांनी तेच पुन्हा विचारलं. युरोपातल्या त्यांच्या डोंगराळ देशात पक्ष उदंड आणि बहुमत कुणालाच नाही, असा कारभार होता. ब्रांत यांची दोन सरकारं पडली होती. दोन्ही वेळा पाठिंबा काढला तो एकाच बाईनं, इर्मा होल्टनं. तिचे खासदार मूठभर, पण त्यांच्यावाचून कुणाचंच पान हलत नव्हतं.

उद्या संसदेत पुन्हा विश्वासमत होतं. हरले तर पुन्हा निवडणूक. आणि लोक तर मतं देऊन देऊन विटले होते.

म्हणून ब्रांत यांनी नामी युक्ती काढली. इर्मा मोठी श्रद्धाळू. तिनं या मठाच्या वेदीसमोर शपथ घ्यायची, की पूर्ण मुदत साथ सोडणार नाही. शपथ द्यायची मठाधिपती फादर अँसेल्म यांनी. ते ब्रांत यांचे शाळेतले गुरू. इर्मा एवढ्यात पोचणारच होती.

"तुम्ही साधूसुद्धा जन्मभराची शपथ घेताच ना?"

"घेतो."

"मग?"

म्हातारा हातातले वाटाणे ठेवून उठला. दाराला कुलूप लावलं, किल्ली झग्याच्या खिशात टाकली आणि परत येऊन वाटाणे सोलू लागला.

ब्रांत एवढा वेळ ऐसपैस बसले होते. रात्रीचा मुक्कामही मठातच करायचा बेत होता. पण आता त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिना. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. टाय सैल केला.

"फादर, दार उघडा."

"कुठे जायचंय?"

"कुठे नाही."

"मग बस की."

"... आधी उघडा."

फादरनी मुकाट्यानं किल्ली दिली. ब्रांत यांनी दार सताड उघडलं आणि उंबऱ्यातच उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण लाजेनं कान लाल झाले.

मग त्यांना इर्मा आठवली. सरकारात असताना त्यांनी तिला एकदाही काही विचारलं नव्हतं. जाते कुठे, असं धरूनच चालले होते.

"शपथ नको," ते म्हणाले. "आली की तसं सांगतो तिला. पण सरकार मी करणारच, फादर. तिलाच बरोबर घेऊन. रोज मनधरणी करावी लागली तरी करीन."

"कर."

खाली घंटा झाली. साधू आपापलं गाठोडं घेऊन फाटकाबाहेर पडू लागले. मठाचा हा जुना रिवाज. रोज संध्याकाळी सगळ्यांनी सामानासकट रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. ज्याला जायचं त्यानं जावं, ज्याला राहायचं त्यानं आपल्या पायांनी आत यावं.

फादरनीही खुंटीवरचं गाठोडं काढून काखोटीला मारलं. ब्रांत त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेले.

"फादर... ती निघून गेली तर?"

फादर रस्त्यावर उतरले होते. त्यांनी गाठोडं पायाशी ठेवलं आणि ते इतर साधूंच्या शेजारी उभे राहिले.

ब्रांत यांना उगाच धास्ती वाटली. "निदान तुम्ही तरी परत याल ना?"

"काल आलो होतो," फादर म्हणाले.