लाल गाडीचे मागचे टायर

गाड्या आपले टायर आपणच निवडत, त्या काळची गोष्ट. कोल्हापुरात सुलक्षणाताईंची एक लाल, महागडी स्पोर्ट्स गाडी होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती दस्तगीरचाचांच्या टायरच्या दुकानात आली. चारही टायर झिजले होते आणि तिच्या मापाचे नवे दोनच शिल्लक होते.

"हे मागं बसवू," चाचा म्हणाले. "मागची चाकं घसरली तर गाडी आवरत नाही."

"पुढंच बसवा," गाडी म्हणाली. "उद्या कुंकू पुढं लागणार, लिंबं पुढच्या चाकांखाली ठेवणार. मागं कोण बघतंय?"

मागचा जुना टायर हळूच म्हणाला, "बाई, माझ्या खाचा पार गेल्यात. ओल्या रस्त्यावर मला धरून राहता येणार नाही."

"तू नुसता मागून ये," गाडी म्हणाली.

पूजा थाटात झाली. दुपारी ताईंना घेऊन गाडी आंबा घाट उतरू लागली. एका ओल्या वळणावर पुढचे टायर नीट वळले, मागचे घसरले. गाडी गर्रकन फिरली आणि अगदी कडेला थांबली. तोंड आल्या वाटेकडं, पाठ दरीकडं, मागचं एक चाक अधांतरी. क्रेन येईपर्यंत ताई आत जराही न हलता बसल्या होत्या.

पुढच्या खंडेनवमीला ताई पूजेचं ताट घेऊन अंगणात आल्या, तर गाडी पाठ करून उभी.

"अगं, तोंड इकडं कर."

"आधी मागच्यांना कुंकू लावा," गाडी म्हणाली.