मॉरिसच्या क्लचमधली हवा

"सगळं नवीन घातलंय, उस्ताद. मग पेडल वर का येत नाही?"

श्रीपालनं पुन्हा विचारलं. उस्ताद दस्तगीर शिकलगार बशीतला चहा फुंकत राहिले.

मी समोरच्या दुकानात गाड्यांच्या सीटा शिवतो. मिरजेच्या या गॅरेज लाइनीत माझं मशीन आणि उस्तादांचं बाकडं समोरासमोर, त्यामुळं ऐकू नये ते सगळं ऐकू येतं. नाहीच आलं, तर मी मशीन थांबवतो.

श्रीपाल उपाध्ये हा उस्तादांचा सगळ्यात हुशार चेला. आता जयसिंगपुरात त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. आपण हुशार आहोत हे त्याला माहीत होतं आणि ते त्यानं कधी लपवलंही नाही. त्या दिवशी मात्र तो आपली जुनी मॉरिस मोटार एका जीपला दोरीनं बांधून ओढत घेऊन आला होता. मेकॅनिकनं स्वतःची गाडी ओढत आणायची म्हणजे काय, ते आमच्या लाइनीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सगळी लाइन गालात हसत होती.

"काय काय बदललंस?" उस्तादांनी विचारलं.

"पेडलपासून क्लचपर्यंतच्या लोखंडी दांड्या काढून टाकल्या. वर एक सिलिंडर, खाली एक सिलिंडर, मधे नळी. आता पायाचा जोर तेलच पोचवणार. पेडल लोण्यासारखं व्हायला पाहिजे होतं."

"आणि झालं काय?"

"दाबलं की खाली जातं. आणि खालीच बसतं."

"म्हणजे नळीत हवा."

"तेवढं कळतं की मला! काढली हवा. दोन दिवस तेच करतोय. तरी आहेच."

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

"हवा काढताना गाडीखाली कोण होतं?"

"मी."

"आणि वर, पेडलवर?"

श्रीपाल टायरकडं बघायला लागला.

"वर कोण होतं, विचारतोय."

"दांडकं... पेडल दाबायचं, सीट आणि पेडलच्या मधे दांडकं अडकवायचं, मग खाली जाऊन नट सैल करायचा. परत आवळायचा, वर यायचं, दांडकं काढायचं..."

मला फस्सकन हसू आलं. अहो, हे एकट्याचं कामच नाही, नट सैल होताच पेडल खाली जातं आणि दांडकं निसटतं. एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली नट सैल करायचा. हवा आणि तेल बाहेर येतं. नट आवळला की खालच्यानं म्हणायचं 'सोड', तेव्हाच वरच्यानं सोडायचं, नाहीतर हवा परत आत शिरते. मला सीटवाल्याला हे ठाऊक, आणि हा उस्तादांचा चेला!

"तुझ्या गॅरेजात माणसं नाहीत?"

"आहेत की. पण ही गाडी मला एकट्यानं करायची होती."

"का?"

श्रीपाल मॉरिसच्या दाराची मूठ उगाच पुसत राहिला.

"राजमतीसाठी आहे ती."

राजमती त्याची बायको. लग्न होऊन आल्यावर ती याच मॉरिसवर गाडी शिकली आणि मग स्टिअरिंग तिनं सोडलंच नाही. दर रविवारी दोघं दंडोबाच्या डोंगराला निघायची. नवरा मेकॅनिक आणि गाडी चालवणार बायको, म्हणून लोक दात काढायचे. श्रीपालला त्याचं काही नव्हतं. तो डावीकडच्या सीटवर, कोपर खिडकीबाहेर काढून ऐटीत बसायचा.

मग ती एसटीतून उतरताना पडली. डाव्या पायात सळई घालावी लागली आणि पायातली ताकद गेली. क्लच डाव्या पायाचा. जुन्या दांड्यांचं ते पेडल दाबायला धडधाकट माणसालासुद्धा जड जायचं.

"तिला सांगितलंस?" उस्तादांनी विचारलं.

"नाही. गॅरेजात नेतोय एवढंच म्हणालोय. तयार झाली की किल्लीच हातात ठेवणार."

"ती काय म्हणते?"

"काहीच म्हणत नाही. दोन वर्षं झाली, गाडीचं नाव काढत नाही. रोज सकाळी काठी टेकत अंगणात जाते आणि ताडपत्रीवरची धूळ झाडते. ताडपत्रीवरची, उस्ताद! गाडी बघत पण नाही."

त्यानं मूठ पुसायची थांबवली.

"मला परत डावीकडं बसायचंय. दुसरं काही नको. गिअर टाकताना ती तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायची. कुठलं गाणं ते कधी विचारलं नाही. विचारायचं राहूनच गेलं... आता घरात नुसता भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येतो."

उस्ताद उठले, गाडीत वाकून पेडल हातानं दाबून बघितलं.

"वर तिला बसव," मग म्हणाले.

"कुणाला?"

"जिच्या पायासाठी पेडल करतोयस तिला."

"अहो, तिचा पाय चालत नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप! पेडल हलकं झालं की बसेल ती."

"ती बसल्याशिवाय हलकं व्हायचं नाही."

श्रीपाल भडकला. "हे काय बोलणं झालं, उस्ताद? तुम्ही बसा की वर. नाहीतर हा कुशनवाला बसेल, त्याला तसाही काय उद्योग आहे?"

मी उठलोही होतो. उस्तादांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी खाली बसलो.

"पाय चालत नाही असं कोण म्हणालं? ती?"

"...नाही."

"डॉक्टर?"

"डॉक्टर म्हणाले, वापरा. रोज थोडा थोडा वापरा."

"मग कोण म्हणालं?"

श्रीपालनं हात पँटीला पुसले. खिशातून फोन काढला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

राजमती आली ती वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या भाड्याच्या जीपमधून, पुढच्या सीटवरून काठी आधी टेकवत. श्रीपाल धावला.

"वडापनं? एकटी?"

"विमान मिळालं नाही," ती म्हणाली.

मला बाई तिथंच आवडली. पण जीपमधून उतरल्यापासून श्रीपालची नजर तिच्या पायावर खिळली होती. चेहऱ्याकडं त्यानं अजून बघितलंच नव्हतं.

तिला मॉरिस दिसली आणि ती थांबली. जवळ जाऊन बॉनेटवर हात ठेवला. काढला. परत ठेवला.

"हिला कशाला उघडी केलीत?" अगदी हळू म्हणाली.

"आत बसा, सूनबाई," उस्ताद म्हणाले. "काम आहे."

"फोनवर म्हणाले ते? खरंच माझं?"

"तुमचंच."

ती बसली. काठी आत घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. कुठं निघायचं होतं असंही नाही, गाडी जागची हलणार नव्हती, तरी तिनं आरशात बघून पदर सारखा केला. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं.

श्रीपाल गाडीखाली शिरला. नटाला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक त्यानं बाटलीतल्या तेलात बुडवलं. काम करायला गाडीच्या तळाचा पत्रा काढलेला होता, त्या भगदाडातून त्याला खालून तिचा पाय दिसत होता. उस्ताद उघड्या दाराशी स्टूल घेऊन बसले.

"दाब," खालून आवाज आला.

"दाबलं."

"धर."

त्यानं नट सैल केला. बाटलीत बुडबुडे फुटायला लागले. वर राजमतीचा गुडघा थरथरला, मग पोटरी, मग सगळा पाय.

"सोड! सोड, पुरे झालं!"

तिनं सोडलं. नळीत आलेली हवा तेलासकट सुर्रकन उलटी आत गेली.

"नट आवळला होतास?" उस्तादांनी विचारलं.

"...नाही."

"मग सोड कशाला म्हणालास?"

"पाय थरथरत होता तिचा."

"अहो, थरथरला तर थरथरू द्या की!" राजमती वरून म्हणाली. "मी सोडते म्हणाले का?"

मग ती उस्तादांकडं वळली.

"घरी पण हेच, चाचा. तांब्या उचलला की हातातून काढून घेतात. दोन वर्षांत आज पहिल्यांदा कुणीतरी मला काम सांगितलं. म्हणून तर वडाप धरून आले."

गाडीखाली पाना वाजायचा थांबला होता. श्रीपालचे नुसते बूट दिसत होते, ते काही हलेनात.

"चल," उस्ताद म्हणाले. "परत पहिल्यापासून."

"दाब..." श्रीपाल खालून म्हणाला.

"दाबलं."

"धर."

बुडबुडे आले. गुडघा थरथरला, पोटरी थरथरली. तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं, कपाळावर घाम आला. नट आवळून तो 'सोड' म्हणाला तेव्हाच तिनं सोडलं. पुन्हा दाबलं. पुन्हा धरलं. हवा कमी होत गेली तसं पेडल पायाला उलटा जोर द्यायला लागलं, ते तिच्या तोंडावर मला इथून दिसत होतं.

मी मशीन सोडून गाडीपाशी येऊन वाकलो, आणि मग वरून बारीक गुणगुण ऐकू आली. कुठलं गाणं ते मलाही कळलं नाही. सूर धड लागत नव्हता, मधेच श्वास तुटत होता, पण ती गुणगुणत होती.

श्रीपालला ती ऐकू आली असणारच. बुडबुडे अजून येत होते, नट सैलच होता. त्यानं मान वळवून भगदाडातून त्या थरथरत्या पायाकडं बघितलं आणि 'सोड' म्हणायला तोंड उघडलं.

उस्तादांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. आत वाकले आणि तो भगदाडावर पसरून टाकला.

"पाय तिचा आहे, श्रीपाल. तू बुडबुडे बघ."