सुंद्राची खिडकी

खडकवाडीच्या सुंद्रानं नवं घर बांधलं, तेव्हा चुलीच्या वर, पार आढ्याजवळ धूर जायला एक खिडकी ठेवली. जुन्या खोपटात धुरापायी तिच्या तान्ह्याचा खोकला हटत नव्हता. भिंत लिंपून वाळते न वाळते तोच शेजारच्या वाड्यातून बाजीसाहेब इनामदारांचा हुकूम आला, "खिडकी बुजवा, नाहीतर भिंत पाडू."

चावडीत पंच बसले. सुंद्रा एकटीच पुढं उभी राहिली. नवरा परगावी, कडेवर खोकणारं पोर, आणि इनामदारांपुढं तोंड उघडायची गावात कुणाची छाती नव्हती.

"हिच्या खिडकीतून आमच्या वाड्यातल्या बायका दिसतात," इनामदार गरजले. "आमच्या अब्रूचा प्रश्न आहे!"

सुंद्रानं पोराला खांद्यावर घेतलं. चाचरत ती म्हणाली, "सरकार, ती खिडकी मी फारशी उघडतसुद्धा नाही."

"साफ खोटं! काल संध्याकाळी सताड उघडी होती. हिरवं लुगडं नेसून चुलीपुढं केस विंचरत बसली होतीस तू!"

सुंद्रानं पदर सावरला.

"पंचहो, सरकारांचा वाडा बघायला मला शिडी लावावी लागते. सरकारांना माडीच्या खिडकीत बसल्या जागी माझं लुगडं दिसतं. कुठली खिडकी बुजवायची, तुम्हीच सांगा."

पंच निकालाची कुजबुज करू लागले. बोलणं मात्र तोवर वाड्यात पोचलं होतं. निकाल द्यायच्या आतच वाड्याचा गडी सुताराला शोधत चावडीत आला. माडीच्या खिडकीला आजच्या आज फळ्या ठोकायच्या होत्या.

हुकूम इनामदारीणबाईंचा होता.