झडपेखालचा दगड

त्या राज्यात कुठलीही नवी गोष्ट झाली की ती कशी वाटली हे पहिल्याच दिवशी विचारायची रीत होती, आणि विचारायचं काम एकदिवशी पाखरांकडे होतं. ही पाखरं सकाळी जन्मत, दुपारपर्यंत सगळ्या रानाला प्रश्न विचारत, संध्याकाळी दरबारात अहवाल देत आणि अंधार पडायच्या आत मरून जात. दुसरा दिवस नावाची काही चीज असते हे त्या खात्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे राज्यात सगळं छानच चाललं होतं.

एका वर्षी पाऊस सरला आणि सुतारपक्ष्याने झऱ्याच्या डोहावरच्या बांधाला लाकडी झडप बसवली. नाकाने वर ढकलली की पाणी खालच्या कुंडीत पडायचं, नाक काढलं की झडप आपोआप खाली. थेंब वाया जायचा नाही. पहिल्या दिवशी तर नुसती जत्रा. तहान नसलेलेही तीन-तीनदा पाणी प्याले. पाखरांनी संध्याकाळी सांगितलं, सगळे खूश. हत्ती महाराजांनी लगेच ठरवलं, राज्यातल्या सातही झऱ्यांना अशीच झडप लावायची.

त्या डोहात धोंडाबाई नावाची म्हातारी कासवीण राहायची. ऐंशी वर्षं ती एकाच कपारीत झोपत आली होती आणि तिला घाई कशाचीच नव्हती. ती हळूहळू चालत दरबारात पोचली तेव्हा दरबार संपत आला होता.

"महाराज, बारशाला आलेले पाहुणे बाळाला गोंडसच म्हणतात," ती म्हणाली. "मला पळस फुलेपर्यंत बघू द्या. तीच झडप, तीच जनावरं, आणि दर पौर्णिमेला तोच प्रश्न."

मुंगूस प्रधान होता. तो खो खो हसला. बाईंना विसरायला होतं वाटतं, म्हणून तेच तेच विचारायचंय, असं म्हणाला. पण महाराज मनाने मोठे. त्यांनी मुदत दिली, अट एवढीच की पळस फुलल्यावर बाईंना काही दाखवता आलं नाही, तर सातही झडपा बसतील आणि बाई पुन्हा या भानगडीत पडणार नाहीत.

धोंडाबाई कामाला लागली. नीलगाय, ससा आणि साळिंदर, हे तिघं तिने निवडले. पहिल्या पौर्णिमेला तिघं म्हणाले, छान आहे. दुसऱ्या पौर्णिमेला म्हणाले, तशी छान आहे. तिसऱ्याला म्हणाले, झाली आता सवय. चौथ्या पौर्णिमेला सशाने विचारलं, कुठली झडप?

आता धोंडाबाई काही नुसती विचारत नव्हती, बांधाजवळ बसून बघतही होती. झालं होतं असं की पाण्याने लाकूड फुगलं होतं. झडप जड झाली होती आणि पाणी पिता पिता थाडकन नाकावर बसत होती. पण बोलायचं कुणी? नीलगाईला वाटे, आपलंच नाकाड लांब. सशाला वाटे, आपले दात पुढे, दुसरं काय. साळिंदराची तर जन्मापासून खात्री होती की आपल्याला काहीच धड जमत नाही. मग प्रत्येक जण एकटा यायचा, इकडेतिकडे बघायचा, बाजूचा एक दगड झडपेखाली सरकवायचा, पाणी प्यायचा आणि गुपचूप निघून जायचा. दगड तिथेच, आणि वाहत्या पाण्याने तो सरकला की पुढचा येऊन पुन्हा बसवायचा. संध्याकाळी सुतारपक्षी यायचा, कुणीतरी खोडसाळपणा करतंय म्हणून चडफडायचा आणि माकडाला सांगून दगड काढायला लावायचा. तोवर दिवसभर पाणी वाळूत गेलेलं असे.

डोह उतरू लागला. एके सकाळी धोंडाबाई उठली तर तिची कपार उघडी पडलेली, आणि आत ऊन आलेलं. ती घाबरली. मग तिला भयंकर राग आला. ती तडक सशाकडे गेली आणि दगडाचं विचारलं. सशाने शपथेवर सांगितलं की आपण आयुष्यात दगड पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच सशाने घाईघाईत दगड समजून धोंडाबाईलाच झडपेखाली सारलं आणि पाणी पिऊन निघूनही गेला. अर्धा दिवस ती तिथे अडकून होती. इतका अपमान तिचा कधी झाला नव्हता, पण त्या अर्ध्या दिवसात तिला एक युक्ती मात्र सुचली.

कारण रोज सकाळी सगळ्यांच्या आधी कोण यायचं, हे तिला ठाऊक होतं. खुद्द महाराज. झडप सोंडेवर आपटली की 'आमची सोंडच जरा जाड' असं पुटपुटायचे आणि दगड सरकवायचे. आता हे दरबारात सांगणार कोण, आणि सांगितलं तरी ऐकणार कोण?

पळस फुलला. दरबार बांधावरच भरला. त्या दिवशी सकाळचं पाणी पिऊन सगळे पांगताच धोंडाबाईने नेहमीचा दगड लोटत लोटत डोहात ढकलला होता आणि झडपेच्या बाजूला त्याच्या जागी बसून डोकं आत घेतलं होतं. दुपारी मुंगसाने तिचं नाव पुकारलं. उत्तर आलं नाही. बाईंना मुदत पुरली नाही वाटतं, असं म्हणून त्याने मिशीवरून हात फिरवला आणि तिघांना प्रश्न विचारला. तिघं म्हणाले, छान आहे.

"मग ठरलं तर," महाराज म्हणाले. ऊन चढलं होतं, घसा कोरडा पडला होता. हुकूम द्यायच्या आधी घोटभर पाणी प्यावं म्हणून ते उठले. त्यांनी सुळ्याने झडप उचलली आणि वळून प्रधानाला सांगू लागले की पाहा, किती सोपी आहे, लहान पोरालाही जमेल. बोलता बोलता त्यांची सोंड न बघताच बाजूला गेली, नेहमीच्या जागी नेहमीचा दगड चाचपला, उचलून झडपेखाली ठेवला आणि सुखाने पाणी ओढू लागली.

नीलगाय सोंडेकडे बघत राहिली. ससा नीलगाईकडे बघत राहिला.

तेवढ्यात दगडाला चार पाय फुटले. मग मान बाहेर आली. पाठीवर झडप, दोन्ही बाजूंनी पाणी वाहतंय, आणि धोंडाबाईने मान वर करून नेहमीचाच प्रश्न विचारला.

"महाराज, झडप कशी वाटली?"

महाराजांची सोंड पाण्याने भरलेली होती, त्यांना बोलता येईना. आणि मागे गर्दीत, भर दरबारात बांधाजवळचा दगड हाती लागेल न लागेल म्हणून ज्याने त्याने आपापल्या पाठीमागे लपवून आणलेले दगड एकेक करून जमिनीवर पडू लागले.