भरतीची वेळ

"उत्तरं बरोबर आहेत, हे तू कशावरून ठरवलंस?" पाटणकर सरांनी विचारलं.

"अपेक्षित उत्तरांशी ताडून, सर. तीनशेच्या तीनशे चाचण्या पास!"

ओजस तेंडोलकर खुशीत होता. खाडीतल्या होडीवाल्यांना भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं अ‍ॅप उद्या सुरू व्हायचं होतं. त्याच्या चाचण्या आपोआप चालतील अशी सोय त्याने दोन दिवसांत केली होती. सरांना एवढ्यासाठी पंधरवडा लागला असता, असंही तो ऑफिसात सगळ्यांना सांगून आला होता.

"आणि ही अपेक्षित उत्तरं आणलीस कुठून?"

"प्रोग्राम एकदा चालवला. त्याने जे दिलं, ते उतरवून घेतलं."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काही चुकलं का, सर?"

सरांनी चपला घातल्या. "चल, होडीने पलीकडे जाऊन येऊ."

ओजसने मोबाईल पाहिला. "अकराला पूर्ण भरती आहे. आत्ता निघालो तर बरोबर पोचू."

जेटीखाली हसनमियाँची होडी चिखलात कलंडून पडली होती. तिच्या सावलीत हसनमियाँ जाळं सांधत बसले होते.

"भरती आहे," सर गंभीरपणे म्हणाले. "चढ."

ओजसने एकदा मोबाईलकडे पाहिलं. एकदा खाडीकडे...

मग हट्टाने पाय टाकला. गुडघ्यापर्यंत रुतला. पाय वर आला, बूट आतच राहिला.

हसनमियाँ पोट धरून हसले. "अहो साहेब, पाणी पुरतं चढायला साडेचार वाजतील आज!"

ओजसलाही हसू फुटलं. मग त्याने कलंडलेल्या होडीकडे पाहिलं.

"सर... उद्या यांनी माझ्या भरवशावर होडी काढली असती."



अ‍ॅप लांबणीवर पडलं. आठ दिवस ओजस हसनमियाँशेजारी जेटीच्या पायरीवर बसला. पाणी कधी चढतं, कधी उतरायला लागतं, ते बघून वहीत लिहीत राहिला. प्रोग्राम त्याने उघडलासुद्धा नाही.

नवव्या दिवशी जुनी उत्तरं पुसून त्याने वहीतली घातली, चाचण्या चालवल्या आणि धावतच सरांकडे आला.

"सर, एकूण एक नापास!"

"मग हसतोयस काय?"

"दर वेळी फरक साडेपाच तासांचाच! प्रोग्रामचं घड्याळ परदेशातल्या वेळेवर चाललंय, सर!"

सरांनी उठून त्याच्या पाठीवर थाप मारली.

"आज पहिल्यांदा तू प्रोग्रामला प्रश्न विचारलास."