भिवराबाईंची वाटी

आमच्या हिरडखोऱ्यात घरोघरी म्हशी, आणि वाटी घेऊन शेजारी विरजण मागायला जाणंही घरोघरी. त्याची एक रीत आहे. भांडण असो, अबोला असो, दारात विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. मागणाऱ्याने फक्त दिवेलागणीच्या आत यायचं. ही रीत लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं.

फार वर्षांपूर्वी, खोऱ्यात डांबर आलं नव्हतं तेव्हा, नदीकाठच्या तीन गावांत तीन शाळा होत्या. पाचवी ते सातवीची पोरं, आणि शाळेला एकच शिक्षक. कोळथ्याला अमीन मास्तर, वरच्या वाडीला ढवळे गुरुजी, आणि हिरडगावात भिवराबाई. तिन्ही गावांत चुरस भारी. ज्या शाळेचा निकाल वर, तिच्या गावात लेझीम. म्हणून आपण कसं शिकवतो ते कुणी कुणाला सांगत नसे. ढवळे गुरुजी तर शिकवताना खिडक्यासुद्धा लावून घेत. वर्गात उकडून पोरं अर्धी होत, पण गुरुजींची विद्या बाहेर जात नसे!

हिरडगावात लेझीम कधी झालं नाही. भिवराबाई जीव तोडून शिकवायच्या. "कळलं का?" विचारलं की पोरं एका सुरात "कळलं बाई!" म्हणायची, आणि परीक्षेला गणितात साफ बुडायची. शेवटी दिपोटी आले. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना तेव्हा दिपोटी म्हणत. ते म्हणाले, "यंदा सातवीचं कुणी पास झालं नाही, तर ही शाळा बंद. पोरांनी घाटापलीकडे जावं."

घाटापलीकडे मुली कोण पाठवणार? सातवीत चांगुणा नावाची धनगराची मुलगी होती. साहेब गेल्यावर ती बाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, म्या मठ्ठ हाय का वो? समदी तसंच म्हंत्यात."

बाईंनी तिचे डोळे पुसले. त्या तशाच घरी आल्या. फडताळातली पितळी वाटी घेतली आणि साकव ओलांडून कोळथ्याला अमीन मास्तरांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

मास्तरांच्या बायकोने कौतुकाने दही आणलं. बाई म्हणाल्या, "भाभी, दह्याचं विरजण नको. मास्तरांकडचं हवंय." मग मास्तरांकडे वळून म्हणाल्या, "मला अपूर्णांक शिकवता येत नाहीत. तुमच्या पोरांना येतात. कसे, ते थोडं द्या."

एका शिक्षकाने दुसऱ्याला 'मला येत नाही' म्हटलेलं खोऱ्याने पहिल्यांदा ऐकलं. असं म्हणतात की त्या क्षणी नदीसुद्धा ऐकायला थांबली होती. मास्तर गोंधळले. चुरस एकीकडे, रीत एकीकडे. दिवा अजून लागला नव्हता, म्हणजे ती पळवाटही बंद. ते हसले. "बसा बाई. सांगतो. मी उत्तर सांगतच नाही. पाव मोठा का तिसरा हिस्सा मोठा, एवढंच विचारतो आणि दोघादोघांना भांडायला सोडतो. पोरगं दुसऱ्याला पटवायला गेलं, की त्याचं त्यालाच कळतं."

दुसऱ्या दिवशी हिरडगावच्या शाळेत एवढा गलका झाला, की आग लागली समजून लोक घागरी घेऊन धावले. आत बघतात तर पोरं अपूर्णांकांवरून भांडतायत आणि बाई मधे उभ्या राहून हसतायत.

मग बाई वरच्या वाडीला गेल्या. ढवळे गुरुजी दारातच म्हणाले, "अहो, मास्तरणीने शिकवणं मागत फिरायचं? लोक हसतील." बाई म्हणाल्या, "हसू देत. माझी चांगुणा रडायची थांबली म्हणजे झालं." तेवढ्यात स्वयंपाकघरातून गुरुजींच्या बायकोचा आवाज आला, "अहो, बाई वाटी घेऊन दारात उभी आहे. या घरातून आजवर कुणी रिकाम्या वाटीने गेलेलं नाही!"

आता तिच्यापुढे गुरुजी काय बोलणार? त्यांनी दोन मडकी आणि ओंजळभर चिंचोके काढले. "पोरं तोंडाने खरं सांगत नाहीत, बाई. घाबरतात. शाळा सुटताना एकेकाने पाठमोरं होऊन चिंचोका टाकायचा. कळलं तर या मडक्यात, नाही कळलं तर त्या. मग उद्या काय शिकवायचं ते मडकंच सांगतं."

बाईंनी तसं केलं. पहिल्या संध्याकाळी बघतात तर 'कळलं'चं मडकं कोरडं, आणि दुसरं भरलेलं. बाई त्या मडक्याशी बसून रडल्या, आणि मग डोळे पुसून त्याला नमस्कार केला. इतक्या वर्षांत पोरं त्यांच्याशी पहिल्यांदाच खरं बोलली होती.

पुढे एक दिवस ढवळे गुरुजीच साकव उतरून आले, हातात वाटी. भिवराबाई इतिहासाचा धडा आधी पोरांकडून त्यांच्या घरच्या बोलीत वदवून घेत, आणि मगच लिहायला लावत. त्यामुळे हिरडगावची पोरं पानंच्या पानं न अडखळता लिहीत. आपल्याकडेही देण्यासारखं काही आहे, हे बाईंना तेव्हा कळलं. हळूहळू तिन्ही शाळांची दारं उघडी राहू लागली. असं म्हणतात की त्या वर्षी इकडचं शिकवणं वाऱ्यावर तिकडे जाई, आणि डोंगरावरच्या गुराख्यांना पाढे येऊ लागले. काही म्हशींनाही येत होते म्हणतात, पण ते मी शपथेवर सांगणार नाही.

निकाल लागला. हिरडगावची सातवी सगळी पास झाली, असं म्हणतात. एक जण राहिला असंही म्हणतात, पण त्याची नातवंडं इथेच ऐकायला बसली आहेत, तेव्हा तो विषय नको. शाळा वाचली. तिन्ही गावांनी मिळून लेझीम खेळलं. त्या गर्दीत चांगुणाने बाईंना गाठलं. "बाई, मंग म्या मठ्ठ नव्हते?"

बाईंनी तिला जवळ घेतलं. "नव्हतीस गं पोरी. दूध चांगलंच होतं. विरजण माझ्याकडे नव्हतं."

भिवराबाई म्हातारपणी वारल्या, त्या संध्याकाळी खोऱ्यात कुणाला विरजण लावायची शुद्ध राहिली नाही. सकाळी झाकणं काढली तर घरोघरी घट्ट दही लागलेलं. उन्हाळ्यात दूध नासलं असेल, असं बाहेरचे शहाणे म्हणतात. म्हणोत बापडे. नासलेलं दूध आणि लागलेलं दही आमच्या बायकांना वेगळं ओळखता येतं.

सगळ्या मुलखात 'विरजण पडलं' म्हणजे उत्साह मावळला. आमच्याकडे मात्र पोराला एखादी गोष्ट उमगली, की आई आनंदाने म्हणते, "पडलं बाई विरजण!" नवा साहेब आला की हे ऐकून हमखास दचकतो.

आणि आजही या शाळांत नवा शिक्षक रुजू झाला, की पहिल्या दिवशी त्याच्या हातात तीच पितळी वाटी देतात. ती घेऊन त्याने दुसऱ्याच्या वर्गात जायचं आणि मुलांच्या देखत सांगायचं, "मला अमुक शिकवता येत नाही. थोडं विरजण द्या." बाईंच्या मागून ही वाटी पहिल्यांदा धरली ती चांगुणाबाईंनी. त्याच शाळेत त्या शिक्षिका होऊन आल्या होत्या. तेव्हा बघणाऱ्या गावाचे डोळे भरून आले होते.

नवा शिक्षक वाटी धरतो त्या दिवशी तिन्ही गावांतून दही येतं, मोठ्या रांजणात घुसळतात आणि बाईंचं नाव घेऊन मुलांना वाटतात. तुम्हीही या कधी. आमच्या शाळेत मठ्ठा पोटभर मिळेल. मठ्ठ मात्र शोधूनही सापडायचं नाही.