साळुंक्या झालेल्या आज्ञा

एका राज्यात राजाची आज्ञा निघे, पण पोचत नसे. राजा वज्रसेनाने तोंड उघडावे, शब्द बाहेर पडताच त्याची साळुंकी व्हावी आणि ती भुर्रकन उडून जावी. राज्यातली कोठारे तर राजाच्या शब्दावाचून उघडत नसत. दाराला कुऱ्हाड लावली तर कुऱ्हाडच वितळे. तशात दुष्काळ पडला. आत धान्य होते, बाहेर माणसे मरत होती, आणि दरबारी मंडळी साळुंक्यांचे रंग वाखाणत बसली होती. असल्या दरबाराला काय जाळायचे आहे?

डोंगरसुभ्याची देसाईण गवराई हिने दोन मुलगे पुरले होते. उरलेल्या लेकीलाही आता अंथरुणातून उठवत नव्हते. सुभ्याचे पंच म्हणाले, "देसाईणबाई, वेगळी चूल मांडा. सुभा आपला झाला की आपल्या शब्दानं पायथ्याची कोठारं उघडतील." गवराईने पदर खोचला.

वेगळे होणाऱ्या सुभ्याने राजधानीतून तीन गोष्टी आणाव्यात अशी रीत होती: राजचुलीतला निखारा, राजतळ्याचे पाणी आणि राजाच्या तोंडचा 'जा'. निखारा उघड्या तळव्यावरच येई. तिचा तळवा भाजला. तळे पाण्याच्या बदल्यात सावली मागे. तिने सावली दिली. मग ती बिनसावलीची बाई दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, सुभा वेगळा करा. जा म्हणा."

"आम्ही म्हणतो, जा," राजा थकून म्हणाला. साळुंकी उडाली आणि तुळईवर जाऊन बसली.

गवराईला रडू कोसळले. घरी लेक वाट पाहत होती, आणि इथे एक अक्षर हाती लागेना. तेव्हा तुळईवरची सर्वांत म्हातारी साळुंकी बोलली.

"उडालेला पहिला शब्द मी. एक मांत्रिकीण उपाशी लेकरू घेऊन या दारी आली होती. महाराज म्हणाले, 'आम्ही पाहू.' लेकरू दारातच गेलं. ती म्हणाली, 'राजा, तुझ्या 'आम्ही'त माणूसच नाही. तो सापडेपर्यंत तुझा शब्द उडत राहील.'"

राजा पांढराफटक पडला. "आपण चुकलो," तो म्हणाला. पुन्हा साळुंकी उडाली.

"आपण?" गवराई कडाडली. "चुकताना बरे आम्हांला सोबत घेता! मेलो आम्ही, महाराज. चुकलात तुम्ही."

राजकुळात जो शब्द लहानपणीच जिभेवरून पुसून टाकत, तो आता राजाला हवा होता. त्याने तोंड उघडले. दरबाऱ्यांनी कानांवर हात ठेवले.

"मी," राजा म्हणाला. "मी चुकलो."

काहीच उडाले नाही. तुळईवरच्या साळुंक्या एकेक करून विरल्या, धान्याच्या अडकलेल्या आज्ञा जिथल्या तिथे पोचल्या, आणि राज्यभर कोठारांच्या कड्या निखळून पडल्या.

"आता जा म्हणू का?" राजाने विचारले. "म्हटलं तर ते खरं होईल."

"आधी धान्याच्या गाड्या द्या," गवराई म्हणाली.

गाड्या डोंगर चढून गेल्या. पण आदल्याच दिवशी गावाने तिच्या लेकीला मूठमाती दिली होती. गवराई त्या ताज्या मातीपाशी बराच वेळ बसून राहिली. तिला उठवायची कुणाची छाती होईना. शेवटी ती आपणच उठली, तेव्हा पंचांनी चाचरत विचारले, "बाई, वेगळे झालो का आपण?"

"नाही," ती म्हणाली. "राजाचा शब्द आता पोचतो, मग वेगळं कशाला? पण तो पुन्हा उडाला, तर 'जा' मागायला मी जाणार नाही; न विचारताच वेगळी चूल मांडीन."